भावजींचं पिल्लू

थोरल्या सुनेचा पाय सकाळीच चुलीपुढच्या ओल्यात पडला आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला तो पार गोठ्यापर्यंत ऐकू गेला.

"उठा भावजी! तुमच्या राजकुमारानं मुतून ठेवलंय बघा!"

दिरानं पांघरूण डोक्यावर ओढलं. थोरलीनं दात-ओठ खात जमीन पुसली.

रानडुकरं पीक लोळवत होती म्हणून राखणीला कुत्रं हवं, असं म्हणत दिरानं बाजारातून पोत्यात घालून हे पिल्लू आणलं होतं. राखणदार असा शूर, की कोंबडीला बघून चुलीमागं दडायचा. रात्रभर कुईकुई करायचा. बाकीचे ढाराढूर घोरायचे अन् थोरली दूध कोमट करत बसायची. सासूच्या काठीचं टोक चघळून त्यानं त्याचा ब्रश करून ठेवला, तरी सासू म्हणायची, "गुणाचं गं बाळ!" दीर मांडीवर घेऊन लाड करायचा आणि मांडी ओली झाली की हाक मारायचा, "वैनी, बघा हो जरा!" बघून बघून वैनीचे डोळे सुजले होते.

त्या दिवशी ती नवऱ्याबरोबर खुरपणीला निघाली. परसात मिरचीच्या रोपांचा वाफा होता. बी तिनं स्वतः निवडलेलं, झारीनं पाणी घालून रोपं लेकरासारखी वाढवलेली. आता लावणीला आली होती.

"भावजी, पिल्लू बांधूनच ठेवा. रडलं तरी सोडू नका."

"हो हो, जा तुम्ही."

दुपारी ती परतली तर दीर बाजेवर आडवा अन् पिल्लू वाफ्याच्या मधोमध. अर्धी रोपं उपटून उन्हात पडलेली, मुळं वाळलेली. नाकाला चिखल माखून ते शेपटी हलवत होतं.

थोरलीनं काठी उगारली. पिल्लाला वाटलं खेळच आहे. त्यानं उडी मारून काठीचं टोक दातात धरलं आणि लटकलं. तिचा हात तसाच राहिला. काठी भिरकावून ती बाजेकडं वळली.

"सोडलंत ना?"

"रडत होतं हो. त्याला काय कळतंय!"

"त्याला नाही कळत. दोन पायांवर चालणाऱ्याला तरी कळावं!"

दिराला झोंबलं. "एवढं जड झालं असेल तर उद्या नदीपल्याड सोडून येतो. मिटली कटकट."

मग मात्र थोरली भडकलीच. "आईच्या अंगाखालून ओढून आणलंत, आता हौस फिटली म्हणून टाकून येणार? जीव आहे तो, फाटकी चप्पल नाही! ते इथंच राहील. पण आजपासून त्याचं खाणं, रडणं, हागणं-मुतणं तुमच्या गळ्यात. मी बोट लावणार नाही."

सासू मध्ये पडली. "अगं, पुरुषमाणूस कुठं असलं पुसत बसेल?"

"आई, मुतताना ते बाई-पुरुष बघत नाही. पुसताना आपण का बघायचं?"

नवरा एरवी या घरात आवाज काढायचा नाही. पण त्यानं पिल्लाला उचललं अन् भावाच्या हातात दिलं. "धर. आणि ऊठ, आधी रोपं लावू लाग."

चिखलात गुडघे टेकून सगळे बसले. जगतील तेवढी रोपं पुन्हा लावली. बाकीची थोरलीनं मुठीत घेऊन गोठ्यात टाकली. रात्री ती जेवली, भिंतीकडं तोंड करून झोपली आणि कुईकुई ऐकूनही उठली नाही.

सकाळी ती चहा ओतत होती. दीर दारात उभा राहिला. डोळे तांबडे, केस पिंजारलेले, काखेत पिल्लू.

"वैनी... जमीन पुसायचं फडकं कुठं असतं?"

थोरलीनं आपला चहा आधी तोंडाला लावला. सावकाश दोन घोट घेतले.

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते एकाच जागी आहे, भावजी. शोधा."