इतकी एकाग्र मुलगी

“वहीत छान दिसेल ते लिहू नकोस गं, खुपेल ते लिही,” गणिताच्या बाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

“आणि शनिवारी हेडबाईंची बोलणी कोण खाणार? तुम्ही?” तिने हसण्यावारी नेलं होतं.

शाळा सुटली की दिवसाच्या शिकवण्यावर प्रत्येक शिक्षिकेने अर्धं पान लिहायचं: काय जमलं, काय फसलं, काय कळलं. शनिवारी हेडबाई ते वाचत. पाळणाघरात बाळ वाट बघत असे, म्हणून एक डोळा घड्याळावर ठेवून ती भराभर लिही. लिहिता लिहिता तिचं एक मत तयार झालं. शांत मूल म्हणजे धडा समजलेलं मूल. दहा वेळा लिहिल्यावर तिला ते पटूनही गेलं. खिडकीजवळच्या बाकावरची चिमणी नावाची मुलगी तर त्याचा चालताबोलता पुरावाच होती. म्हणजे, चालता. बोलायची कुठे ती!

मग एके दिवशी बाळाचा कान फुटला. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, “मागून हाक मारली तर वळतो ना?”

“वळतो की! नाव घ्यायचा अवकाश.”

“मग घाबरू नका. जी मुलं वळत नाहीत ना, ती लोकांना शहाणी वाटतात. ऐकू येत नाही हे कळेपर्यंत वर्षं जातात.”

बाळाला कडेवर घेऊन ती तशीच शाळेत आली. वही उघडली. ‘चिमणी चित्रात इतकी रंगली, की मागून दोनदा हाक मारली तरी मान वर केली नाही. केवढी एकाग्रता!’ खाली लाल शाईत ‘उत्तम’. पुढे आणखी सहा पानांवर तेच.

“चिमणी?” तिने विचारल्यावर गणिताच्या बाई म्हणाल्या. “परवाच, तू रजेवर होतीस तेव्हा, दाखला नेला की वडिलांनी. बदली झाली त्यांची. पोरगी शेजारणीचं बघून उतरवायची, पेपरात कोरी. लक्षच देत नाही म्हणून आई रोज धपाटे घालते म्हणे.”

“कुठल्या शाळेत गेली?”

“गाव तेवढं लिहिलंय अर्जात.”

त्या गावात अकरा शाळा होत्या. बाळ मांडीवर चुळबुळत होतं. तिने वहीतली कोरी पानं फाडली आणि अकरा वेळा तेच लिहिलं:

‘चिमणी नावाची मुलगी तुमच्या वर्गात नवीन आली असेल. ती काही त्रास देणार नाही. माझ्या हातून राहून गेलं. तुम्ही एकदा तिच्या मागे उभं राहून हाक मारून बघाल का?’