नापास होण्याची परवानगी

अफगाणिस्तानातल्या हेरातजवळच्या त्या शाळेत मुलीने सहावी उत्तीर्ण होणे ही घरावर कोसळलेली आपत्ती मानली जाई. सातवीपासूनचे वर्ग राज्यकर्त्यांनी मुलींना बंद केले होते. शिकत राहण्याचा एकच कायदेशीर मार्ग उरला होता, तो म्हणजे आपण काहीच शिकलो नाही हे सिद्ध करणे. निकालाच्या आठवड्यात आया वाळवलेली तुती घेऊन वर्गशिक्षिका अनीसाच्या दारात येत आणि हात जोडून म्हणत, "मुअल्लिम-जान, एवढी दया करा, पोरीला नापास करा." ज्यांची विनंती फळे, त्या गल्लीत साखरेचे बदाम वाटत. अज्ञानाला एवढा मान इतिहासात आणखी कुठे मिळाल्याचे अनीसाला आठवत नव्हते; आणि विद्यापीठातून काढले जाण्यापूर्वी ती इतिहासच शिकवत असे.

या वर्षी एकोणीसपैकी अकरा मुली नापास होत्या. त्यांतली शुकूफा सहावीत तिसऱ्यांदा बसली होती. वर्गाच्या मागच्या दोन बाकांवर, सहावीच्या पुस्तकांना लावलेल्या वेष्टनांत, खरे तर आठवी भरत असे. शुकूफाला ते बाक टिकवायचे होते. आणखी एक वर्ष; तेवढेच तिचे मागणे होते.

"हरीरूद नदी कुठे जाऊन मिळते गं?" उत्तरपत्रिका समोर धरून अनीसाने विचारले.

"हिंदी महासागराला, मुअल्लिम-जान."

"डोंगर चढून?"

"हो. दमत दमत."

"आणि नऊ आठे?"

"एकाहत्तर."

"काल तर सत्तर म्हणालीस."

"महागाई आहे ना."

मागचा बाक खिदळला. अनीसाला हसू आले नाही. "अगं बये, चुकायचं तर मठ्ठासारखं चूक. पेपरातल्या प्रत्येक गणितात नेमकी एकानंच चुकलीयस. आंधळ्यालाही कळेल."

आंधळा मात्र आला नाही. शिक्षण खात्याचे निरीक्षक मौलवी मतीउल्ला आले. परस्त्रियांवर दृष्टी पडू नये म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसले. एकोणीस मुलींचे भवितव्य पाठीने ठरवणे, ही सोय प्रशासनशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात अनीसाने वाचली नव्हती.

"अकरा नापास?" ते भिंतीला म्हणाले. "मुअल्लिम साहिबा, ही अमिरातीची बदनामी आहे. का मुद्दाम चाललंय हे?"

"मुली मंद आहेत, साहेब."

"असतीलच. बघू तरी. यादीतली पहिली कोण? शुकूफा? ऊठ. एक माणूस मेला. बत्तीस जरीब जमीन, मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. वाटण्या सांग."

"येत नाही, साहेब," शुकूफा म्हणाली. अनीसाला हायसे वाटले.

"येणार कसं! ऐक. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे चार जरीब. मुलाला सोळा. मुलींना सहा-सहा. झाले बत्तीस. डोक्यात शिरलं का?"

दोन वर्षे चुकण्याचा सराव केलेली ती मुलगी मान खाली घालून उभी होती. तिच्या चपलेची टाच फरशीवर एकदा आपटली, पुन्हा आपटली.

"सात-सात," ती म्हणाली.

"काय?"

"मुलींना सात-सात. भावाला चौदा. मुलाला दोन मुलींइतकं, असं कुराणातच आहे. तुम्ही बहिणींची दोन जरीब भावाला दिलीत."

मौलवींची मान प्रथमच भिंतीपासून वळली. कानापर्यंत लाल होत त्यांनी लेखणी मागितली.

"ही मुलगी उत्तीर्ण. पहिल्या श्रेणीत."

शिक्षा म्हणून प्रथम श्रेणी देणारे हे राज्य. अनीसाने हात मागे बांधले. "मी सही करणार नाही."

"नका करू. मग मी संध्याकाळपर्यंत बसतो आणि उरलेल्या दहा जणींनाही एकेक प्रश्न विचारतो."

मागच्या बाकावर कुणाचीही मान वर झाली नाही. शुकूफानेच पुढे येऊन मौलवींनी भरलेले प्रमाणपत्र टेबलावर सरळ केले.

"करा सही, मुअल्लिम-जान. माझ्या बाकावरच्या नजीफाला काही लपवता येत नाही. ती तर पहिल्याच प्रश्नाला बोलून बसेल."

अनीसाने सही केली. अक्षर तिचेच होते. तिला ते परक्याचे वाटले.

"मुबारक," मौलवी उठताना म्हणाले. "पोरगी हुशार आहे. घर छान सांभाळेल."

त्यांची मोटार निघून गेल्यावर शुकूफाने दप्तर आवरले. वेष्टनातले आठवीचे पुस्तक काढून तिने शेजारणीपुढे सरकवले आणि दाराशी थांबली.

"मुअल्लिम-जान, चुकलं का माझं?"

अनीसाच्या ओठांवर मोठे वाक्य आले होते, राज्यांच्या ऱ्हासाविषयीचे, फार वाचलेल्या माणसाचे. ते तिने गिळले.

"नाही. उत्तर बरोबर होतं."

"मग झालं," शुकूफा म्हणाली, आणि प्रमाणपत्र अंगावर पांघरलेल्या चादरीखाली घेऊन फाटकाबाहेर गेली. पहारेकऱ्याने यादीतले तिचे नाव खोडले आणि फाटक लावून घेतले.