चारशे बारा किलो पुस्तके

मी एक जुना वजनकाटा आहे आणि सध्या मी फार चिडलेलो आहे. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगताना सुरुवात जन्मापासून करायची असते. तशी करतो. पण मध्येच माझा पारा चढला तर मला आवरायला येऊ नका.

लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात मला घडवले. खाली जाड फळी, मागे माणसाच्या छातीइतका उंच खांब, वर पितळी दांडी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारे वजन. तिथून मी धान्याच्या गोदामात आलो आणि एकतीस वर्षे पोती तोलली. तिथला मुकादम तोंडाचा फटकळ होता. एकदा एका व्यापाऱ्याने वजन वाढावे म्हणून गुपचूप पायाचा अंगठा माझ्या फळीवर टेकवला. मुकादम सगळ्या हमालांसमोर म्हणाला, "शेठ, पाय काढा. तुम्हाला नसली तरी काट्याला लाज आहे." उभ्या आयुष्यात माझे झालेले हे एकमेव कौतुक. ते मी अजून जपून ठेवले आहे.

पुढे गोदाम बंद पडले. पोती गेली, हमाल गेले, उंदीरसुद्धा गेले. मला हलवायला चार माणसे लागतात, म्हणून मी तेवढा राहिलो. सहा वर्षे कोणी माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही.

या उन्हाळ्यात एका संस्थेने ती जागा मागून घेतली. गोदामाच्या मागे बांधकामावरच्या मजुरांची वस्ती आहे. तिथल्या मुलांना सुटीच्या सहा आठवड्यांत वाचायला शिकवायचे, असा बेत होता. शिकवणारे पाच जण, तेही सोळा-सतरा वर्षांचे. सुटीत दुपारपर्यंत लोळायचे वय, पण ही पोरे रोज सकाळी आठला हजर! पहिल्याच दिवशी त्यांनी गोदाम झाडले, मला पुसले आणि माझ्या दांडीला तेलसुद्धा दिले. त्यांची म्होरकी एक किडकिडीत, चष्मा लावणारी मुलगी होती. मुले तिला ताई म्हणत. दोन दिवसांत बाकीचे चौघेही तिला ताईच म्हणू लागले.

बत्तीस मुले जमली. सगळ्यात शेवटी आली ती भिंगरी. हे तिचे खरे नाव नव्हे, पण एका जागी पाच मिनिटे बसेल तर शपथ! वय नऊ. आई विटा वाहते आणि काम जाईल तिथे बिऱ्हाड जाते, त्यामुळे पोरीच्या तीन शाळा बदलल्या. अक्षरे ओळखीची होती, पण एकापुढे एक ठेवून वाचता येत नव्हती. शाळेतल्या बाईंनी बजावले होते की शाळा उघडेपर्यंत वाचता आले नाही, तर पुन्हा पहिलीत, धाकट्या भावाशेजारी बसावे लागेल. भावाने हे ऐकल्यापासून तिला चिडवून चिडवून जेरीस आणले होते. भिंगरी ताईला म्हणाली, "ताई, मी त्याच्याजवळ नाही बसणार. काय वाट्टेल ते झालं तरी नाही."

आता वाचायचे तर पुस्तके हवीत. संस्थेच्या चिटणीसांनी गावभर आवाहन केले, 'मुलांसाठी पुस्तके द्या.' आणि दुसऱ्या आठवड्यात टेम्पोतून पोती येऊ लागली. चिटणीस खुशीत होते. "मोजत कोण बसणार? वजन करा," ते म्हणाले. मित्रांनो, पुस्तके वजनावर! प्रत्येक पोत्यावर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागली, पोते माझ्यावर चढले, आकडा पाटीवर लिहिला गेला. एकूण चारशे बारा किलो. मी खरे तेच सांगितले. आत काय आहे हे मला कोणी विचारलेच नाही.

पोरांनी पोती उघडली, तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, तरीही गेली. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या! गेल्या दहा वर्षांच्या डायऱ्या, तारखा उलटून गेलेल्या. जमीन-कायद्याचे जाडजूड खंड. औषध कंपन्यांची माहितीपत्रके. उत्तरे भरून झालेली गाइडे. घर आवरताना जे जे पायात आले, ते ते लोकांनी या मुलांच्या गळ्यात मारले होते आणि वर दानशूर म्हणून मिरवायला मोकळे झाले होते. मुलांना वाचता येतील अशी पुस्तके निघाली अकरा. ताईने ती माझ्यावर ठेवली. पुरते दोन किलोही भरले नाहीत.

"साहेब, ही रद्दी परत पाठवा," ताई चिटणीसांना म्हणाली. "आणि नेमकी कोणती पुस्तकं हवीत ते लोकांना कळवा."

"देणाऱ्याचं मन मोडायचं नसतं. ढीग असाच राहू दे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे."

"ढिगानं दारापाशी उजेडाची अर्धी जागा अडवलीये. मुलं बसणार कुठं?"

चिटणीस थोडा विचार करून म्हणाले, "मग दात्यांच्या सत्काराचा कार्यक्रम झाला की शेवटची दहा नावं कमी करा. पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे रद्दी आत आणि पोरे बाहेर! शेवटच्या दहांत भिंगरी होती. ताईने चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि पुन्हा लावला. त्यानंतरचे आठ दिवस ती भिंगरीला वर्ग सुटल्यावरही तासभर घेऊन बसली.

सत्काराच्या दिवशी आठ दाते खुर्च्यांवर बसले. समोर मुले. चिटणीसांनी चारशे बारा किलोंचा आकडा तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. मग ताईला आभार मानायला उभे केले.

"सगळ्यांचे आभार," ती म्हणाली. "एकच विनंती आहे. तुमच्या पोत्यातलं एकेक पुस्तक आम्ही तुमच्या हातात देतोय. समोरच्या मुलाला त्यातलं एक पान वाचून दाखवा."

चिटणीसांना ठसका लागला. पण पुस्तके हातात पडली होती. वकीलसाहेबांनी कायद्याचा खंड उघडला, तर समोरचा मुलगा दुसऱ्या ओळीला पेंगला. एका बाईंच्या हाती त्यांचीच डिरेक्टरी आली. त्यांनी चार आडनावे वाचली आणि मान खाली घातली. विजेच्या उपकरणांचे दुकान असलेल्या एका गृहस्थांनी एकट्याने नव्वद किलो दिले होते. त्यांच्या हाती कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका होती आणि समोर भिंगरी. त्यांनी पुस्तिका उघडली, मिटली, घाम पुसला.

"माझा चष्मा घरी राहिलाय," ते म्हणाले. चष्मा खिशातून डोकावत होता.

भिंगरीला त्यांची खरोखर दया आली. ती सरकत त्यांच्या खुर्चीशी गेली. "काका, लाजू नका. मलापण येत नव्हतं." तिने पानावर बोट ठेवले. "यंत्र... सुरू... करण्या... पूर्वी... झाकण... घट्ट... लावा." एकही अक्षर चुकले नाही. मग तिने वर पाहिले. "आता तुम्ही म्हणा."

आणि तो एवढा मोठा माणूस, मित्रांनो, लालबुंद चेहऱ्याने तिच्या बोटामागून म्हणू लागला, "यंत्र सुरू करण्यापूर्वी..."

कार्यक्रम उरकल्यावर चिटणीस ताईवर खेकसले, "संस्थेचं नाक कापलंस तू!"

"मी फक्त वाचायला सांगितलं," ताई म्हणाली. "वाचनाचाच वर्ग आहे ना हा?"

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा टेम्पो आला आणि त्याची नव्वद किलो रद्दी घेऊन गेला. पाठोपाठ आणखी तिघांनी आपापली पोती नेली. जागा मोकळी झाली, दहा नावे यादीतच राहिली. पण नवे पुस्तक? एकाही दात्याने एकही पाठवले नाही. लाज तेवढी उचलून नेली, बाकी तोंडाला पाने पुसली. माझा राग आहे तो याच गोष्टीचा.

म्हणून तुम्हाला सांगतो. द्यायचे असेल तर पोते बांधण्याआधी ते पुस्तक एखाद्या मुलाला वाचून दाखवा. वाचताना तुमचीच जीभ अडखळली, तर ते रद्दीवाल्याला द्या, मुलांना नको. आणि जे तुमच्या भावंडांनी दोनदा मागून वाचले असेल, ते द्या. एकच द्या, पण ते द्या.

शाळा उघडायला अठरा दिवस उरले आहेत. भिंगरीची अकराही पुस्तके वाचून झाली. आज सकाळी ती माझ्या फळीवर बसून बाराव्याची वाट पाहत होती. एकोणीस किलो भरली. जरा लवकर पाठवा.