झिजलेलं साल

बायको गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्याच संध्याकाळी मेहुणीने विचारलं, "भावोजी, ताईच्या स्मृतीच्या पाटीवर जन्मसाल काय घालायचं?"

साल कुणालाच माहीत नव्हतं. ती जन्मली तेव्हा सासऱ्यांनी त्या सालचं नवं नाणं तिच्या मुठीत ठेवलं होतं. ते ती जन्मभर अंगठ्याने चोळत राहिली आणि साल पुसलं गेलं.

"मग ॲसिड लावा की," मेहुणी म्हणाली.

जुनी नाणी पारखणं हा माझा धंदाच. ॲसिडने झिजलेले आकडे वर येतात, पण नाणं कायमचं खरबरीत होतं. अस्सलपणाच्या दाखल्यात मी तसं नमूद करतो.

"जरा जास्त टाकलं तर साल अलीकडचं येईल का?" मेहुण्याने विचारलं. "मला कायम वाटायचं, मीच थोरला."

"साठीला आलास. आता थोरला होऊन काय करणार?" मेहुणी म्हणाली.

"पाटीवर तिच्या नावाखाली 'थोरला भाऊ' म्हणून माझं नाव येईल."

मी ब्रश ॲसिडमध्ये बुडवला. नाण्यावर तिच्या अंगठ्याने पडलेला गुळगुळीत खळगा होता. माझा अंगठा त्यात नीट बसला. मी ब्रश धुतला आणि बाटलीला बूच लावलं.

पाटी आली आहे. तिचं नाव कोरून झालं आहे. जन्मसाल कोरायचं राहिलं आहे.