दोन वर्षांचा खंड

"हा बाद," साहेब म्हणाले आणि कारखानदाराच्या नावापुढे तांबड्या पेन्सिलीने फुली मारली. "पंधरा वर्षांत सात ठिकाणं बदलली. आठव्या ठिकाणी काय दिवे लावणार?"

"साहेब, ते त्याचेच कारखाने होते. नोकऱ्या नव्हेत."

"मग तर आणखीच वाईट. स्वतःच्या घरात ज्याचा पाय ठरत नाही, तो देशाच्या खुर्चीत बसेल होय?"

राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तीन दिवसांवर आली होती. तिघा उमेदवारांची माहिती पेपरात छापून आली होती: शिक्षण, अनुभव, आधीची पदं. साहेबांनी ती कापून पुठ्ठ्यावर चिकटवली, पट्टीने रकाने आखले, आणि तिघांनी जणू त्यांच्याकडेच अर्ज केलाय अशा थाटात ते बसले. पाणीपुरवठा कार्यालयात चौतीस वर्षं त्यांनी नोकरीच्या अर्जांची छाननी केली. मी त्यांचा शिपाई. दोघांनाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ते अजून छाननी करतात आणि मी अजून रोज चार वाजता त्यांच्या टेबलाशी हजर होतो. फरक एवढाच, की आता मला खुर्ची मिळते.

साहेबांची पद्धत साधी होती. वरिष्ठांची प्रशस्तिपत्रं ते उघडूनही बघत नसत. "हाताखालच्याला विचार," म्हणायचे. ते विचारायचं काम माझं. अर्जात मधली वर्षं कोरी दिसली की ते त्यांभोवती तांबडा गोल काढायचे. "खंड आहे. चौकशीला जा." मी जायचो, तिथल्या रखवालदाराला चहा पाजायचो आणि खबर आणायचो. कधी दारू निघायची, कधी तुरुंग, कधी नुसतं आजारपण. आजारपण निघालं की साहेब स्वतः रबराने गोल पुसायचे. मग कागद मोठ्या साहेबांकडे जायचा. ते कोपऱ्यात "पाहिले" लिहून सही ठोकायचे. मंजूरही नाही, नामंजूरही नाही, नुसतं पाहिले. त्यांचं आम्ही नावच पाहिलेसाहेब ठेवलं होतं.

"दुसरा वकील," साहेबांनी पेन्सिल पुढे सरकवली. "पदव्या खंडीभर. पण चार वर्षांत तीन सचिव सोडून गेले. हाताखालची माणसं उगाच पळत नाहीत. बाद!" बोलता बोलता त्यांनी गाल धरला. कवळी दोन दिवस टोचत होती.

"काढा बघू, बाबा." ताई कामावरून येऊन दारातच उभी होती. ताई म्हणजे साहेबांची एकुलती एक लेक. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करते, आणि साहेबांच्या तोंडातली कवळी तिच्याच हातची.

"थांब गं, एकच राहिलाय." तिसऱ्या उमेदवार मास्तरीणबाई होत्या, पुढे महापौर झालेल्या. साहेबांचं बोट रकान्यातून खाली गेलं आणि थांबलं. "खंड. दोन वर्षं." त्यांनी गोल काढला, जरा वेळ बघत राहिले आणि मग रबर उचललं. "आईबिई आजारी असेल. माणसाला घरासाठीही थांबावं लागतं कधी. या बाई चालतील."

त्यांनी कवळी काढून लेकीच्या हातावर ठेवली. ती खिडकीशी बसून बारीक कानस फिरवू लागली. बऱ्याच वेळाने, मान वर न करता, माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "काका, त्याचाही खंड दोनच वर्षांचा होता."

मी चहाचा कप खाली ठेवला. एकोणीस वर्षांपूर्वी ताईच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा एक मुलगा या घरी आला होता, तिला मागणी घालायला. साहेबांनी त्यालाही कागद दिला. बिचाऱ्याने हसत हसत सगळी माहिती लिहिली. "या दोन वर्षांत काय केलंत?" "घरी होतो," तो म्हणाला. साहेबांनी गोल काढला. मला वाटलं, उद्या चौकशीला जावं लागणार. साहेबांनी मला पाठवलंच नाही. सबंध हयातीत तेवढं एकदाच. त्याच वर्षी ताईची आई गेली होती. मला सगळं कळत होतं, पण पाठवल्याशिवाय शिपाई जात नाही, असं म्हणून मी गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

"वडील अंथरुणाला खिळले होते त्याचे," ताई म्हणाली. "भरवण्यापासून अंघोळीपर्यंत सगळं तोच करायचा. मी सांगणार होते. तर म्हणाला, ज्यांना विचारायचंच नाही, त्यांना कशाला सांगायचं?"

साहेबांनी तोंड उघडलं. बिनदाताच्या तोंडातून नुसती हवा आली. त्यांनी कवळीसाठी हात पुढे केला.

"थांबा, अजून धार आहे. आणि मी रागावून बोलत नाहीये, बाबा. रागवायचं ते केव्हाच रागावून झालं."

काम संपवून तिने कवळी धुतली आणि स्वतःच त्यांच्या तोंडात बसवली. "चावा. टोचतंय?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे बोट केलं. "याला पाठवलं नाही मी. हा गेला असता तर खरं कारण घेऊन आला असता. मग मला गोल पुसावा लागला असता आणि तू गेली असतीस."

"गेले असते," ताई कप उचलत म्हणाली. "पण रोज संध्याकाळी येऊन गेले असते ना, बाबा. दोन गल्ल्या पलीकडे तर राहायचा तो."

साहेब पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मी त्या दिवशी लवकर निघालो.

मतदानाच्या सकाळी मी त्यांना न्यायला गेलो, तेव्हा पुठ्ठा टेबलावरच होता. तीन नावांखाली साहेबांनी चौथी ओळ आखली होती. तीत नाव नव्हतं. *अनुभव: वडिलांची शुश्रूषा, दोन वर्षे. चौकशी केली नाही. चूक छाननी करणाऱ्याची.* खाली त्यांची सही होती, तीच जुनी, लांब शेपटाची.

साहेब बुटाचे बंद बांधत होते. ताई मतदानाची कार्डं घेऊन बाहेर आली, टेबलाशी थांबली. तिने ओळ वाचली. मग तांबडी पेन्सिल उचलली, कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, सही केली, तारीख घातली.

"चला, रांग वाढेल," ती म्हणाली आणि चप्पल घालायला गेली.

साहेबांनी चष्मा लावून बघितलं. "पाहिले," असं लिहिलं होतं. त्यांनी पुठ्ठा फायलीत ठेवला आणि पुन्हा बुटाचे बंद बांधायला घेतले. गाठ तिसऱ्या खेपेला बसली. तोवर ताई दार धरून उभी होती.