खिडकीजवळची खाट

आईच्या कमरेखाली बशीएवढी जखम होती. दिवसचे दिवस तिला कुणी कुशीवर वळवलंच नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तडक वृद्धाश्रमाच्या काउंटरवर जाऊन उभी राहिले.

तिथल्या मॅनेजरबाई जिभेवर साखर ठेवूनच बोलतात. जखमेचं ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर फोन धरला. "लोक आमच्याबद्दल काय लिहितात बघा ना. हे तर तुमच्याच दादांनी लिहिलंय."

पाच तारे. 'पोटच्या पोरांसारखी काळजी घेतात. डोळे झाकून विश्वास ठेवा.' तारीख आईला दाखल केलं त्याच दिवसाची. तिची पिशवीसुद्धा तेव्हा उघडली नसेल.

बाहेरच्या बाकावरून दादाला फोन लावला, तर तो माझ्यावरच उखडला. "सगळेच लिहितात गं. फॉर्म भरतानाच त्या म्हणाल्या, चार ओळी टाका, खिडकीजवळची खाट देते. आईसाठीच लिहिलं ना?"

"आणि ही जागा तू निवडलीस कशावरून?"

"तारे बघून."

"पुसून टाक ते. खरं काय ते लिही."

"लिहितो. आधी तिला तिथून बाहेर काढू. तोवर ती त्यांच्या हातात आहे."

म्हणे आईसाठी! पण त्याचं शेवटचं बोलणं काही खोडून काढता येईना. तिथेच बसून दुसरे आश्रम शोधू लागले. जिथे बघावं तिथे पाच तारे आणि 'आजच बाबांना दाखल केलं', 'आजच आजीला सोडलं'. पुढे काय झालं ते लिहायला एकही माणूस परत आला नव्हता. आता यातलं खरं कुठलं मानायचं?

आईकडे जायला आत वळले, तर काउंटरपाशी एक मुलगी उभी होती. शेजारी व्हीलचेअरवर तिचे वडील, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेले. मला बघून तिने हळूच विचारलं, "ताई, तुमचं कुणी आहे का इथे? कसं आहे हो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅनेजरबाई गोड हसल्या. "यांच्या आई आमच्याकडेच असतात. आता त्यांनाच कुशीवर वळवायला माणूस पाठवतेय. पाठवू ना, ताई?"

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

तिने वडिलांच्या हातातून पिशवी सोडवून घेतली आणि काउंटरवर ठेवली.