कान तपासणीकडे जाणारा बाण

रुग्णालयाच्या कचेरीत तिला सगळे फाईलताई म्हणायचे. कुठलाही जुना कागद मागा, ती बसल्या जागेवरून सांगणार, अमुक कपाटात, तमुक गठ्ठ्यात. म्हणूनच सगळी कागदपत्रं वेबसाइटवर चढवायचं ठरलं तेव्हा साहेबांनी ते काम डोळे झाकून तिच्या गळ्यात मारलं.

नुसता मजकूर होता तोवर बरं चाललं. रडकथा सुरू झाली ती आलेख आणि आकृत्या आल्यावर. फाईलचं वेब पेज केलं की आलेखातले खांब जागच्या जागी उभे राहत, पण त्यांच्याखालची नावं पानाच्या तळाशी जाऊन एकमेकांच्या मांडीवर बसत. कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात तर साहेबांची चौकट शिपायाच्या खाली गेली. ती एकेक नाव धरून पुन्हा जागेवर आणून ठेवायची. घरी जाताना तिला दुकानांच्या पाट्याही घसरल्यासारख्या दिसायच्या.

त्यातल्या त्यात तळमजल्याचा नकाशा एकदम नीट उतरला. खोल्यांच्या चौकटी, त्यांची नावं, दारापासून निघालेले बाण, सगळं जिथल्या तिथे. नेमका तोच लागणार होता, कारण रंगकामासाठी भिंतींवरच्या पाट्या उतरवल्या होत्या. फाईलताईने नकाशा चढवला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्याच दिवशी धुलाई विभागाच्या मुकादमीणबाई कंबरेवर हात ठेवून टेबलापुढे उभ्या.

"ताई, माणसं आवरा तुमची! सकाळपासून जो तो आमच्याकडे येऊन कान दाखवतोय."

"कान?"

"कान! मी चादरी धुते हो, कान नाही."

फाईलताईने घाईघाईने नकाशा उघडला. कान तपासणीची खोली उजवीकडे, बाण उजवीकडे, धुलाई पार डाव्या टोकाला. "हे बघा, बरोबर तर आहे!"

मुकादमीणबाईंनी पडद्यात डोकं घातलं. बरोबर होतं खरं.

संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो काहीही बिघडलं तरी आधी प्लग बघायचा, म्हणून त्याचं नाव प्लगदादा पडलं होतं.

"प्लग नीट बसलाय ना?"

"अहो, लोक धुलाईत शिरताहेत. त्यात प्लगचा काय संबंध?"

"संबंध नाही, पण बघून घेतलेलं बरं," असं म्हणत तो टेबलाखाली शिरलाच.

एवढ्यात तिचा फोन वाजला. सासूबाई होत्या. आज त्यांचे कान तपासायचे होते. नवऱ्याने महिनाभर मागे लागून कसंबसं कबूल करून घेतलं होतं. "माझे कान ठणठणीत आहेत, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता," हे त्यांचं म्हणणं. फाईलताईचंही मत फार वेगळं नव्हतं. सासूबाईंना हवं ते बरोबर ऐकू येतं, असं ती बहिणीला कितीदा म्हणाली होती. कामातून उठता येणार नाही म्हणून तिने सकाळीच मोठ्या ऐटीत त्यांच्या फोनवर नकाशा पाठवला होता.

"अगं, पोचले मी. आता कुठे वळू?"

"उजवीकडे, आई. बाण आहे बघा."

"बाण तर डावीकडे आहे."

"डावीकडे नाही हो, उजवीकडे!"

"तेच म्हणतेय ना मी, डावीकडे. निघाले."

"आई, थांबा तिथेच! मी येते."

"हो हो. इथे वाफ येतेय गं. हल्ली कान वाफेने साफ करतात का?"

फाईलताई जिना उतरून धावत सुटली. धुलाईत पोचली तर सासूबाई स्टुलावर बसून उशांच्या खोळींच्या घड्या घालत होत्या. यंत्रांचा असा खडखडाट चालला होता की तिथल्या बायका एकमेकींशी घसा ताणून बोलत होत्या. आणि सासूबाई प्रत्येकीला चटकन, नेमकं उत्तर देत होत्या. हसत होत्या.

"किती स्पष्ट बोलतात या बायका!" त्या सुनेला म्हणाल्या. "शीक जरा."

फाईलताईने त्यांचा फोन घेतला आणि बघतच राहिली. नकाशा तोच, पण बाण भलतीकडेच. कान तपासणीचा बाण घरंगळत थेट धुलाईच्या दारात आलेला. तिने फोन आडवा धरला, बाण परत फिरले. उभा धरला, पुन्हा पळाले. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला.

मागोमाग आलेल्या प्लगदादाने फोन दोनदा फिरवून बघितला आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे एक चित्र नाहीये, सुटे तुकडे आहेत! चौकट वेगळी, बाण वेगळा. तुमच्या मोठ्या पडद्यावर सगळं मावतं. फोनवर जागा कमी, मग मजकूर खालच्या ओळीत डावीकडे सरकतो आणि बाण त्याच्यामागे जातात. सगळे तुकडे जोडून एकच चित्र करा."

पण आधी कान. तिने सासूबाईंचा हात धरून त्यांना योग्य खोलीत नेलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी तिच्यापुढे एक आलेख धरला. दोन कानांच्या दोन रेघा जोडीने निघाल्या होत्या आणि उजवीकडे जाता जाता कड्यावरून पडल्यासारख्या खाली गेल्या होत्या.

फाईलताईने रेघांवरून बोट फिरवलं. "हा बरोबर आहे ना? म्हणजे... घसरला नसेल ना?"

"घसरला म्हणजे?"

"नाही, काही नाही."

"जाडा आवाज त्यांना बऱ्यापैकी कळतो," डॉक्टर म्हणाले. "बारीक आवाज मात्र जवळजवळ नाहीच. तुमच्यासारखा आवाज तर अर्धामुर्धाच पोचत असणार. आणि हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे."

"काय म्हणतात गं?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगते," ती म्हणाली, आणि आपला आवाज किती बारीक आहे ते तिला पहिल्यांदाच जाणवलं.

दुपारी तिने नकाशाचे तुकडे जोडून एकच चित्र केलं, प्लगदादाच्या आणि मुकादमीणबाईंच्या फोनवर उभं-आडवं करून बघितलं. बाण हलला नाही. धुलाईतली वर्दळ थांबली. तिचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. इतक्या वर्षांतले सासूबाईंचे ते 'हो हो' तिला आठवत होते. त्यातले कुठले खरे होकार होते आणि कुठले न ऐकताच दिलेले? आपलं जे बोलणं त्यांनी कानाआड केलं म्हणून ती आतल्या आत धुमसली, तिने अबोला धरला, ते त्यांच्यापर्यंत पोचलं तरी होतं का? एक निवडायला जावं तर दुसरं त्याला चिकटून येत होतं.

संध्याकाळी नवऱ्याने दारातच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

ती सासूबाईंच्या समोर जाऊन बसली आणि पोटातून जाडसर आवाज काढत सावकाश म्हणाली, "आई, चहा टाकू का?"

"टाक की," सासूबाई म्हणाल्या. "आलं घाल थोडं."

नवरा एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत उभा राहिला. "तुझा घसा बसलाय का?"